तालमीच्या कट्ट्यावरच्या दादांनो, जरा ऐकता का

कोल्हापुरातल्या सगळ्या तालमी, तरुण मंडळं, त्यांचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, आधारस्तंभ, मार्गदर्शक आणि रात्री साडेनऊनंतर कट्ट्यावर बसणारे सगळे दादा, यांस

स.न.वि.वि. वगैरे झालं असं समजा, सरळ मुद्द्यावर येते. हे पत्र खरंतर आयुक्तांना नाहीतर एसपी साहेबांना लिहायला पाहिजे होतं, मैत्रिणीपण तेच म्हणाल्या, पण साहेबांची बदली होते आणि तुमची होत नाही. महापालिकेत नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली आणि मग कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, त्या काळात गल्लीत पाणी आलं नाही, लाईट गेली, कुत्रं मरून पडलं तर माणसं आधी कुणाकडं गेली? तालमीकडंच ना. मग रात्री पोरींनी रस्त्यानं न घाबरता चालायचं, हे पण तुमच्याकडंच.

मी गारगोटीकडची. दोन वर्षं झाली राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहते आणि एमपीएससी करते (पुढचं विचारू नका, प्रिलिम दोन मार्कांनी गेली). अभ्यासिका रात्री अकराला बंद होते, तिथनं रूम चालत आठ मिनिटं. ही आठ मिनिटं मला अख्ख्या पॉलिटीपेक्षा जास्त पाठ आहेत. जिना उतरला की बंद झेरॉक्सवाला, मग मेसचा बोर्ड, मग एका मंडळाचा कट्टा, मग जुनं घर पाडून पत्रे मारून ठेवलेला मोकळा प्लॉट, मग गुलमोहरात घुसलेला खांब ज्याचा लाईट चालू असतो पण उजेड सगळा पानांवर पडतो आणि रस्त्यावर काहीच नाही, आणि मग वळण. वळणावर मी कानातला एक इअरफोन काढते. दोन्ही नाही, एकच. दोन्ही काढले तर घाबरलीय असं दिसतं.

आता कट्ट्याचं. राग मानू नका, पण हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. तुम्ही आठ-दहा जण बसलेले असता, कुणाच्या तरी बाईकच्या सायलेन्सरवर नाहीतर परवाच्या मॅचवर जोरात चाललेलं असतं, लांबनं ऐकू येतं, आणि आम्ही दोघी-तिघी वळलो की एकदम सगळं गप्प. कुणी काही बोलत नाही, शिट्टी नाही, काही नाही, आणि आम्ही पाच-सहा पावलं पुढं गेलो की मागनं परत आवाज सुरू होतो आणि एखादा हसतो. कदाचित तो जोकवरच हसत असेल. पण ते गप्प होणं अंगावर येतं हो. तुम्ही म्हणाल आम्ही तर रिस्पेक्ट म्हणून गप्प बसतो, असेलही, माझा चुलत भाऊपण असंच म्हणाला, त्याला म्हटलं मग समोरनं म्हातारे आजोबा गेल्यावर का नाही गप्प बसत? त्यावर त्यानं विषय बदलला.

मागच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. अकरा वाजायला दहा कमी होते, मी एकटीच होते कारण रूममेट गावाला गेलती. अर्ध्या रस्त्यात लाईट गेली. म्हणजे सगळ्या एरियाची. मागनं एक गाडी आली, दोघं बसलेले, पुढं गेली, वळली, परत आली, माझ्याशेजारनं हळू गेली, परत वळली. कुणी एक शब्द बोललं नाही. मी रूमकडं न जाता सरळ चौकात गेले कारण तिथं भुर्जीच्या गाडीवर बॅटरीचा बल्ब होता, अख्ख्या रस्त्यावर तेवढा एकच उजेड. काकूंना मी ओळखत होते असंपण नाही, दोन-चार वेळा हाफ भुर्जी खाल्लेली एवढंच. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मागं थांबलेल्या गाडीकडं बघितलं, काही विचारलं नाही, पायानं स्टूल पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "बस हितं. हे घे, कांदं सोल." आणि माझ्या मांडीवर पाटी ठेवली. मी कांदे सोलायला लागले. म्हणजे लांबनं बघणाऱ्याला वाटावं ही काकूंची पोरगीच आहे, घरची आहे. ती गाडी आणखी दोनदा गेली आणि मग आली नाही. डोळ्यातनं पाणी येत होतं ते कांद्यामुळं असं मी अजून सगळ्यांना सांगते. घरी फोन लावून "मी पोचलो" म्हटलं (आमच्याकडं पोरी पण "मी आलो, मी पोचलो" असंच बोलतात, बाहेरच्यांना हसू येतं), आईला बाकीचं आजपर्यंत सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर ती म्हणणार झाली तेवढी एमपीएससी बास, ये परत.

११२ ला फोन का नाही केला, हे सगळ्यात आधी सगळे विचारतात. काय सांगू फोनवर? एक गाडी चार वेळा वळली? मी कलमं पाठ करते हो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात पाठलागाचं कलम ७८, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा, परत केलं तर पाच वर्षांपर्यंत. पण व्याख्या नीट वाचा, तिनं स्पष्टपणे नको म्हणून दाखवलेलं असतानाही वारंवार संपर्क साधणं किंवा साधायचा प्रयत्न करणं असं आहे. चार यू-टर्न आणि शून्य शब्द, हे कशात बसवायचं? मला नको आहे हे मी कुणाला सांगणार, टेललाईटला? कायदा पाहिजेच, नको कोण म्हणतंय, पण कायदा घडून गेल्यावर येतो. त्या रात्री घडायच्या आधी जे आलं ते स्टूल होतं.

आणि आता काकूंची भुर्जीची गाडी तिथं नाही. फेब्रुवारीत शिवजयंतीला चौकात कमान उभी राहिली, काकूंना म्हणाले दोन दिवस गाडी बाजूला घ्या, त्यांनी घेतली, त्यांची काय तक्रार नव्हती, उलट त्यांनी वर्गणीपण दिलती. कमान उतरली आणि त्या जागेवर मंडळाच्या पोरांच्या बाईक लागायला लागल्या, मग एक फ्लेक्स लागला, आणि काकू परत आल्या तर ट्रॅफिक होतंय म्हणून सांगितलं. रात्री अकराला तिथं कसलं ट्रॅफिक होतंय ते मला दाखवा. कुठलं मंडळ ते लिहीत नाही, ज्याचं त्याला कळेल. फेरीवाल्यांचा २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, त्यात जागा ठरवायला टाऊन व्हेंडिंग कमिटी आहे, त्या कमिटीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका पाहिजेत. चौकातल्या काकूंची जागा फ्लेक्सवाल्यांनी ठरवायची असं कुठल्याच कलमात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडं सुरक्षा म्हटलं की कुणाला तरी तिथनं उठवायचं. गाडीवाल्याला उठवा, बागेचं गेट लवकर लावा, पोरींना साडेनऊच्या आत घ्या, पोरांना हुसका. प्रत्येक वेळी एक-एक माणूस कमी होतो आणि शेवटी रस्त्यावर उरतंय कोण, तर ज्याला कुणी बघणारं नको असतं तोच. रस्ता रिकामा झाला की शांत वाटतो, सेफ नसतो.

पोरांना हुसका म्हटलं ते उगाच नाही. माझा सख्खा भाऊ सतरा वर्षांचा आहे, मे महिन्याच्या सुट्टीत आलता, रंकाळ्यावर तो, त्याचा मित्र आणि मित्राची बहीण असे भेळ खाऊन कठड्यावर बसलेले. चार जण आले, अंगात युनिफॉर्म नाही काही नाही, "आम्ही हितले" एवढंच आयकार्ड. नाव विचारलं, आडनाव परत विचारलं, मोबाईल घेऊन गॅलरी उघडून बघितली. ती बहीण आहे म्हटल्यावर कुणाची बहीण ते सिद्ध करा. भाऊ दुसऱ्या दिवशी गारगोटीला निघून गेला, येतच नाही आता. पोरींच्या सेफ्टीसाठी केलं म्हणे. त्या पोरीला विचारलं का कुणी तिला त्या संध्याकाळी भीती कुणाची वाटली ते? ७ जून २०२३ ला शहरात जे झालं, स्टेटसवरनं दगडफेक, इंटरनेट बंद, ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, माझ्या वर्गातली एक मुस्लिम मैत्रीण त्यानंतर किती दिवस क्लासला येताना आडनाव लिहिलेली वही बॅगेत खाली घालून यायची. ती पण ह्या गावाचीच पोरगी आहे, माझ्यापेक्षा जास्त, मी तर बाहेरची.

एसडीजी म्हणून एक प्रकरण आमच्या सिलॅबसला असतं, युनोनं २०१५ ला ठरवलेली ध्येयं, त्यातलं ११.७ असं की २०३० पर्यंत सगळ्यांना सुरक्षित, मोकळ्या, हिरव्या सार्वजनिक जागा मिळाल्या पाहिजेत, विशेषतः बायका, मुलं, वृद्ध आणि अपंग. घोकताना एकदा लक्षात आलं की सतरा ते पंचवीसची पोरं त्यात वेगळी अशी कुठं नाहीतच. बरोबर आहे, ह्या वयाला लोक एकतर धोका समजतात नाहीतर सांभाळायची वस्तू, त्यांना नुसतं बसायला जागा लागते हे कुणाच्या डोक्यात येत नाही. तुमच्या येतं, कारण तुमच्याकडं कट्टा आहे.

आपल्यासारख्याच देशांतलं सांगते, युरोप-बिरोप नाही. कोलंबियात मेडेलिन म्हणून शहर आहे, १९९१ ला तिथं लाखामागं ३८० च्या आसपास खून व्हायचे, एका वर्षात. पोलीस, लष्कर सगळं झालं. पण लोक आज ज्याचं नाव घेतात ते म्हणजे २००४ ला त्यांनी डोंगरावरच्या गरीब वस्त्यांपर्यंत केबल कार नेली, मेट्रोच्याच तिकिटात, मग वस्तीत लायब्ररी आणि बाग एकत्र अशा इमारती बांधल्या, आणि २०११ ला कोमुना १३ नावाच्या सगळ्यात बदनाम वस्तीत चढावर उघड्यावर सरकते जिने बसवले, ३८४ मीटर. माणसं वरखाली करायला लागली, दुकानं उघडली. नुसत्या जिन्यानं खून थांबले असं मी म्हणत नाही, बाकीपण बरंच झालं, पण जिथं कुणी जायचं नाही तिथं सगळ्यांना जाता येईल असं करायचं, हे डोकं लावलं त्यांनी. त्याच देशात बोगोटाला १९७४ पासून दर रविवारी आणि सुट्टीला सकाळी सात ते दुपारी दोन मोठे रस्ते गाड्यांना बंद असतात, आता शंभर किलोमीटरच्या वर रस्ते, पोरंबाळं, म्हाताऱ्या, सायकली, सगळं रस्त्यावर. आपल्याला हे नवीन वाटायला नको खरंतर. आपण वर्षातनं दहा दिवस करतोच की!

गणपतीचे दहा दिवस आठवा. मी आणि मैत्रिणी रात्री दीड-दोनपर्यंत देखावे बघत फिरतो, मिरजकर तिकटी, शिवाजी पेठ, परत राजारामपुरी, चालत, पायात चप्पल तुटकी, आणि वळणावर इअरफोन काढायचं मला सुचतपण नाही. त्या दहा दिवसांत राजारामपुरी अख्खी ट्यूबलाईट, झिरमिळ्या, आजी खुर्ची टाकून दारात, लहान पोरं रस्त्यात, पोरी पोरी आईस्क्रीम खात. तीच गल्ली, तोच गुलमोहर, तीच माणसं. उजेड आणि माणसं एवढाच फरक, आणि हे सगळं तुम्ही करता, वर्गणीतनं करता. विसर्जनाच्या मिरवणुकीचं मात्र मी कौतुक करणार नाही, तुकाराम माळी तालमीचा मानाचा गणपती पुढं निघाला की सकाळी जे वातावरण असतं ते रात्री साउंड सिस्टिम लागल्यावर राहत नाही, त्या गर्दीत हात कुठनं येतो कळत नाही आणि पाठीवर मंडळाचं नाव असलेला टी-शर्ट तेवढा दिसतो, सगळ्यांचा सेम. टी-शर्टवर नंबर घाला ना, फुटबॉलच्या जर्सीला घालता तसा. हे मी चेष्टेत लिहीत नाही.

दिल्लीत २०१३ ला सेफ्टीपिन म्हणून एक ॲप काढलं, डिसेंबर २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतर. त्यात रस्त्याला मार्क देतात, नऊ गोष्टींवर. उजेड किती, चालायला वाट आहे का, रिक्षा-बस जवळ आहे का, माणसं आहेत का, त्यात बायका किती, आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे कुणाच्या खिडकीतनं, दुकानातनं तुम्ही दिसता का. ॲप राहू दे, आम्ही तिघींनी मागच्या महिन्यात वही घेऊन आमच्या आठ मिनिटांचे मार्क काढले. बावीस खांब, सहा बंद, तीन झाडात. उघडी खिडकी किंवा दुकान, कट्टा धरून, चार. रस्त्यावर दिसलेली माणसं एकोणतीस, त्यात बायका आम्ही सोडून दोन, दोघी कचऱ्याची पिशवी टाकायला आलेल्या. परीख पुलाखालचं काढायला गेलो तर पाऊस सुरू झाला, आणि परीख पुलाखाली पावसात काय होतं ते तुम्हाला माहिताय, स्टँडवर उतरून रात्री राजारामपुरीत यायला आम्हाला तोच रस्ता.

तर मागणं. एक म्हणजे कृपा करून आम्हाला सोडायला येऊ नका. पोरींना सुरक्षित घरी पोचवणारं पथक, त्याचा फ्लेक्स, त्यावर वीस फोटो, नको. आज सोडायला येणारा उद्या कुठं गेलतीस विचारतो, अनुभव आहे. आम्हाला राखणदार नकोत, शेजारी पाहिजेत. मंडळाच्या भिंतीवर एक हॅलोजन बारा महिने चालू ठेवा, तोंड रस्त्याकडं करून, लोकांच्या डोळ्यात नाही. बंद खांबाचा नंबर घेऊन तक्रार टाका, आम्ही टाकली की नुसता मेसेज येतो, मंडळाच्या लेटरहेडवर गेली की माणूस शिडी घेऊन येतो हे तुम्हाला पण माहिताय आणि मला पण. आणि तालमीतला संडास रात्री अकरापर्यंत बायकांना वापरू द्या. हसू नका. अभ्यासिकेत आठ तास बसून मी पाणी किती घोट पिते हे मोजलेलं असतं, संध्याकाळनंतर बाहेर जायला दुसरी जागा नाही, भाजीवाल्या मावश्यांना विचारा त्या कशा दिवस काढतात. तुमच्याकडं पाण्याची टाकी आहे, दाराला कडी आहे, एक बल्ब आणि एक बादली एवढाच खर्च.

आणि कट्टा. आठवड्यातनं एक संध्याकाळ आम्ही बसू की तिथं, तुम्ही पण बसा, आम्ही फुटबॉलवर वाद घालू, मला ऑफसाईड कळतो. रेश्मा माने वडणग्यातनं कुस्ती खेळत कॉमनवेल्थ चॅम्पियनशिपपर्यंत गेली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडला गोल्ड घेतलं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. ताराराणी तर कावळा नाक्यावर उन्हापावसात रात्रभर एकटी घोड्यावर आहे, तिला कुणी म्हणत नाही साडेनऊ झाले आत जा. माझं मागणं घोड्याचं नाही, दगडी कट्ट्यावर दीड फूट जागेचं आहे, आणि आम्ही आल्यावर तुम्ही बोलायचं थांबवायचं नाही.

येत्या रविवारी संध्याकाळी साडेसातला आम्ही तिघी वही घेऊन परत निघणार, अभ्यासिकेपासनं परीख पुलापर्यंत. खांबांचे नंबर घासून गेलेत, मोबाईलच्या टॉर्चनं दिसत नाहीत, कुणाकडं मोठी बॅटरी आणि एक शिडी असेल तर घेऊन या. चहा आमच्याकडून.

कळावे,
राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहणारी एक

ता.क. भुर्जीवाल्या काकू आता गाडी कुठं लावतात हे कुणाला माहीत असेल तर सांगा. त्या रात्री हाफ भुर्जी खाल्ली, गडबडीत चाळीस रुपये द्यायचे राहिले, पुढं देऊ-देऊ म्हणता गाडीच गेली.